दोन सीटांची गाडी

"आई, या गाडीला मागची सीटच नाही. आम्ही मुलांना घेऊन आलो की ती बसणार कुठं?"

"आपल्या आई-बाबांच्या गाडीत," ताई म्हणाली आणि तिनं शांतपणे चहात बिस्किट बुडवलं.

२०२४ चा सप्टेंबर महिना. इंग्लंडमध्ये लेस्टरला माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो होतो. मी, ताई आणि तिचा मुलगा. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर एका गाडीचा फोटो. बुटकी, रुंद, डोळे वटारून बघणारी. नाव पोर्शे केमन. केमन ही दक्षिण अमेरिकेकडच्या मगरीची जात. ताईला ही मगर हवी होती. नवी नाही, चौदा-पंधरा वर्षं वापरलेली.

ताई सत्तावन्न वर्षांची. १९९२ साली लग्न होऊन सांगलीहून तिकडं गेली. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. चार वर्षांपूर्वी भावोजी गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली आणि तिनं मला सहा आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. मला वाटलं, एकटेपणा खायला उठत असेल. पण विमानतळावरच म्हणाली, "बरं झालं आलीस. गाडी बघत फिरायला मला सोबत हवीच होती."

भाच्याची समजूत अशी, की बाबांची राहून गेलेली इच्छा आई पुरी करतेय. मलाही तसंच वाटलं आणि तसं वाटल्यामुळं जरा हायसंही वाटलं. नवऱ्याच्या आठवणीसाठी बाईनं काही केलं की आपल्याला ते लगेच समजतं! ताईनं तेही मोडून काढलं. "तुझ्या भावोजींना गाडीत सामान किती मावतं एवढंच कळायचं. ही त्यांची इच्छा नाही, माझी आहे. आमच्या पार्किंगमध्ये एक डॉक्टरीणबाई रोज ही गाडी लावायच्या. मी बारा वर्षं तिच्याशेजारी माझी खटारा लावली. एवढंच."

माझा राग

खरं सांगते मैत्रिणींनो, मला राग आला. ताईनं चौदा हजार पौंड बाजूला काढले होते. मी मनातल्या मनात गुणाकार केला. आपले पंधरा लाखांच्या वर! मी इकडं गेली अकरा वर्षं बचत गटाचं काम करते. शिलाई मशीनसाठी पाच-सात हजार मागणाऱ्या बाईला आम्ही दहा प्रश्न विचारतो. कशाला हवंय? फेडणार कशी? बिघडलं तर? नवऱ्याला माहीत आहे का? आणि इथं माझी सख्खी बहीण, जिच्याकडं चालू अवस्थेतली एक गाडी आहे, ती दुसरी घेणार. तीही दोनच माणसं बसतील अशी.

तेव्हा मी तिलाही गटातल्यासारखेच प्रश्न विचारले. ताईनं एकेकाचं उत्तर दिलं. कर्ज काढणार नाही. घराचे हप्ते संपलेले आहेत. मुलं आपापल्या पायावर उभी आहेत. जुनी गाडी विकून टाकणार. आणि चौदा हजारांशिवाय तीन हजार पौंड दुरुस्तीसाठी वेगळे ठेवलेत.

"तीन हजार दुरुस्तीला?"

"अगं, गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची आणि मेकॅनिकच्या मजुरीची उतरत नाही. दुरुस्तीचं बिल नव्या गाडीच्याच दरानं येतं. लोक इथंच फसतात. गाडी परवडते, पण सांभाळणं परवडत नाही."

माझे प्रश्न संपले. राग मात्र संपला नव्हता.

एक्स्ट्राची यादी

पुढचे चार दिवस ताईनं माझी शिकवणी घेतली. मी बी. ए. मराठी. गाडीतलं मला एवढंच कळतं, की हिरवा दिवा लागला की निघायचं. पण ताईची प्रयोगशाळेतली सवय कामाला आली. तिनं वहीत रकाने आखले होते.

ही गाडी २००५ मध्ये पहिल्यांदा आली. इंजिन पुढं नाही, मागंही नाही, तर सीटांच्या पाठीमागं मधोमध. त्यामुळं पुढंही डिकी आणि मागंही डिकी! बॉनेट उघडलं की आत पोकळी. इंजिन वरून दिसतच नाही. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि पाणी घालायची झाकणं असतात. मी म्हटलं, "म्हणजे देवघरासारखं. दर्शन नाही, नुसतं तीर्थ-प्रसाद."

नवी पोर्शे घेताना गाडीची मूळ किंमत ही नुसती सुरुवात असते. मग एक लांबलचक यादी पुढ्यात येते. त्यातलं जे हवं ते निवडायचं आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे. मोठी चाकं, सगळीकडं कातडं, बोस कंपनीचे स्पीकर, नकाशा दाखवणारा पडदा, आपोआप मऊ-कडक होणारं सस्पेन्शन (त्याला ते 'पॅझम' म्हणतात), डॅशबोर्डवर स्टॉपवॉच बसवणारं 'स्पोर्ट क्रोनो' पॅकेज, सिरॅमिकचे ब्रेक, गरम होणाऱ्या सीटा, मागं घेताना वाजणारे सेन्सर. दोन केमन शेजारी उभ्या केल्या तर वरून सारख्या दिसतील, पण नव्या असताना त्यांच्या किमतीत हजारो पौंडांचा फरक पडलेला असतो.

"जुन्या बाजारात मजा अशी," ताई म्हणाली, "की या एक्स्ट्रासाठी पहिल्या मालकानं मोजलेल्या पैशातले फार थोडे परत येतात. म्हणजे आपल्याला ते स्वस्तात मिळतात. पण निवडले दुसऱ्यानं. मला हवं ते एका गाडीत सगळं मिळणार नाही, आणि मला नको असलेलंही गळ्यात पडणार. सिरॅमिकचे ब्रेक घे. नावाला भारी, पण झिजले की नुसत्या डिस्कचा खर्च हजारोंच्या घरात. असे ब्रेक असलेली गाडी मी फुकट मिळाली तरी दोनदा विचार करीन."

"ते ओळखायचे कसे?"

"ब्रेकचा पकडणारा भाग पिवळा असतो. पण रंग काय, कुणीही फासतं. खरं शोधायचं तर यादीचा स्टिकर बघायचा."

हा स्टिकर पुढच्या झाकणाखाली असतो आणि सर्व्हिसच्या पुस्तकातही लावलेला असतो. त्यावर तीन-तीन आकड्यांचे कोड असतात. कारखान्यातून गाडीबरोबर जे एक्स्ट्रा आलं, त्या प्रत्येकाचा एक कोड. ४७५ म्हणजे ते पॅझम सस्पेन्शन, ४५० म्हणजे सिरॅमिकचे ब्रेक. विकणारा काहीही म्हणो, कोड नसेल तर ती वस्तू कारखान्यातून आलेली नाही. मला आमची गावाकडची म्हण आठवली, दाखवायचे दात आणि खायचे दात. ताई म्हणाली, "अगदी तसंच. मी वहीत दोनच रकाने केलेत."

ताईच्या 'खायच्या' रकान्यात चार गोष्टी होत्या. ऑटोमॅटिक गिअर, गरम होणाऱ्या सीटा, मागचे सेन्सर आणि क्रूझ कंट्रोल. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून तिची कंबर गेलेली, आणि डावा गुडघा दुखतो. बाकी सगळं 'दाखवायच्या' रकान्यात. स्टॉपवॉचच्या पुढं तिनं लिहिलं होतं, 'भाताच्या शिट्या मोजायला?'

"मिस्टर कधी येणार आहेत?"

पहिली गाडी बघायला आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या एका दुकानात गेलो. भाचा सोबत होता. गाडी लालभडक, २००६ च्या जून महिन्यात नोंदलेली, मोठ्या इंजिनाची, एकोणीस इंची चाकं, आत सगळं कातडं. मी तर बघतच राहिले. सीटवर बसायला गेले आणि धप्पकन खाली पडले. या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं! आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय जुळवून आत घ्यायचे. उतरताना याच्या उलट. साडीत जमेल, पण सराव हवा.

विक्रेता तरुण होता, गोड बोलणारा. पण पहिल्यापासून तो भाच्याशीच बोलत होता. किल्लीही त्यानं भाच्याच्याच हातात दिली. भाच्यानं ती ताईकडं दिली, तेव्हा त्यानं हसून विचारलं, "आपले मिस्टर कधी येणार आहेत बघायला?"

ताई म्हणाली, "ते नाहीत. गाडी मी घेणार आहे. पॅझम आहे का हिला?"

"हो, हो, आहे ना!" त्यानं मधल्या पट्टीवरचं 'स्पोर्ट' लिहिलेलं बटन दाबून दाखवलं.

ताईनं पुढचं झाकण उघडायला लावलं. चष्मा पुसला. स्टिकरवरचे सगळे कोड बोट फिरवत वाचले. ४७५ नव्हता. ते बटन स्टॉपवॉचवाल्या पॅकेजचं होतं. मग ती खाली वाकली आणि एकेका टायरची कड वाचत गेली. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३५१७ असेल तर टायर २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि एक तर दहा वर्षांपूर्वीचा. जो माणूस टायरवर पैसे वाचवतो, तो इंजिन ऑइलवर काय वाचवत नसेल?

परतताना भाचाच जास्त चिडला होता. ताई म्हणाली, "चिडतोस कशाला? जगातला पहिला मोटारीचा लांबचा प्रवास कुणी केला माहीत आहे? बर्था बेंझनं, १८८८ साली. नवऱ्यानं बनवलेली गाडी त्याला न सांगता काढली, दोन मुलगे घेतले, आणि मॅनहाइमहून शंभरावर किलोमीटर लांब आपल्या माहेरी फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तिला कुणी विचारलं असेल का, मिस्टर कधी येणार म्हणून?"

स्कूटीची गोष्ट

दुसरी गाडी एका निवृत्त इंजिनिअर आजोबांची होती. मॅन्युअल गिअरची, २००७ मधली, साधी, एक्स्ट्रा जवळजवळ नाहीतच. पण काय ती फाइल! पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं तारखेवार लावलेली. आजोबांनी आम्हाला केक खाऊ घातला आणि गाडीचे दोषही स्वतःहून सांगितले. २००९ पूर्वीच्या इंजिनांत आत एक बेअरिंग असतं. ते क्वचित फुटतं, पण फुटलं तर आख्खं इंजिन जातं. त्या वर्षांच्या गाड्यांत ते बदलायचं तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. २००९ मध्ये आलेल्या नव्या इंजिनांतून ते काढूनच टाकलं. "माझं कधी फुटलं नाही," आजोबा म्हणाले, "पण तुम्हाला माहीत असावं."

मला वाटलं, हीच घ्यावी. माणूस सज्जन, भाव कमी. ताई गाडी चालवून आली आणि उतरल्यावर डावा गुडघा धरून उभी राहिली. गर्दीत वीस मिनिटं क्लच दाबून तिचे डोळे पाणावले होते.

भाचा म्हणाला, "आई, पण स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक? खरे शौकीन हसतात. मजा तर गिअर टाकण्यातच आहे."

मीही री ओढली. "सवय होईल गं गुडघ्याला. ऑटोमॅटिकला दोन हजार पौंड जास्त पडतायत. एवढ्या एका गोष्टीसाठी कशाला?"

आणि बोलता बोलता मी थांबले. हेच वाक्य मी आधी कुठंतरी बोलले होते.

२०२३ मध्ये आमच्या गटातल्या एका बाईनं जुनी स्कूटी घेण्यासाठी कर्ज मागितलं. मसाले आणि पापड घरोघर पोचवायचं तिचं काम. दोन स्कूट्या बघितल्या होत्या. एकीचं बटनस्टार्ट चालू, दुसरीचं बंद, किक मारावी लागणारी. दुसरी चार हजारांनी स्वस्त. ती पहिली मागत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बटन काय करायचंय? किक मारली की झालं. एवढ्या एका गोष्टीसाठी चार हजार कशाला?" गटानं माना डोलावल्या. तिनं स्वस्तातली घेतली.

तिची पिशवी काढायचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. किक मारली की पोटात कळ यायची. ते तिनं पुरुष अधिकारी आणि गटातल्या पंधरा जणींसमोर सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नंतर मी तिला दोनदा बघितलं. बाजारात स्कूटीशेजारी उभी, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत. कुणीतरी ओळखीचा दिसला की म्हणायची, "दादा, जरा किक मारून देता का?" स्वतःची गाडी असून दर वेळी दुसऱ्याच्या पायावर अवलंबून! माझ्या हिशेबात जो 'एक्स्ट्रा' होता, ती तिची मूळ गरज होती.

मी ताईला म्हटलं, "ऑटोमॅटिकच बघू."

ती काही बोलली नाही. वहीत आजोबांच्या गाडीवर तिनं फुली मारली.

मगर घरी आली

तिसरी गाडी मिळायला अजून दोन आठवडे गेले. २०१० ची, २.९ लिटरची, करड्या रंगाची. स्टॉपवॉच नाही, बोस नाही, नकाशाचा पडदा नाही. पण पीडीके नावाचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गरम सीटा, सेन्सर आणि क्रूझ कंट्रोल. आजोबांनी सांगितलेल्या बेअरिंगची चिंता नाही. आणखी एक फायदा ताईनं शोधून काढला होता. त्या वयाच्या गाड्यांचा रोड टॅक्स तिकडं धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. २३ मार्च २००६ पासून नोंदलेल्या आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर धूर सोडणाऱ्या गाड्यांना फार मोठा टॅक्स बसतो. ती लाल गाडी त्यात सापडली होती. ही थोडक्यात खाली.

या वेळी मात्र ताईनं घाई केली नाही. एकेक पायरी अशी:

आधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते. तिचे निकाल कुणालाही फुकट बघता येतात. दर वर्षीचा मैलांचा आकडाही त्यात असतो, त्यामुळं मीटर मागं फिरवला असेल तर उघड होतं. मग थोडे पैसे भरून गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, कधी मोठा अपघात झालाय का, ते तपासलं. तिकडच्या नोंदणीच्या कागदावर ज्याचं नाव असतं तो गाडीचा मालक असेलच असं नाही, हे मला नवीनच कळलं.

मग दुकानाशी काही संबंध नसलेला, याच गाड्यांची कामं करणारा मेकॅनिक अडीचशे पौंड देऊन नेला. "गाडी आधी गरम करून ठेवू नका," असं दुकानदाराला फोनवरच बजावलं होतं. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात, ते गरम झाल्यावर लपतात. मेकॅनिकनं बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का बघितले. "एंडोस्कोपीच की ही!" मी म्हटलं. गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदलल्याचं बिल मागितलं, ते होतं.

दोष निघालेच. पुढच्या बंपरच्या जाळीत वर्षानुवर्षं पाला साचून एसीचे दोन्ही कंडेन्सर गंजले होते. मागचे दोन टायर संपत आले होते. ताईनं यादी दुकानदारापुढं ठेवली आणि बाराशे पौंड कमी करायला सांगितले. घासाघीस होऊन आठशेवर तुटलं. खासगी माणसाकडून न घेता दुकानातून घेण्याचंही कारण होतं. तिकडच्या २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार दुकानातून घेतलेल्या वस्तूत मुळातच दोष निघाला तर तीस दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. आजोबांसारख्या खासगी विक्रेत्याकडून घेतली तर हा हक्क नसतो.

विम्याचं काय? मला वाटलं, बाई म्हणून काही सवलत असेल. पूर्वी मिळायची म्हणे. पण युरोपच्या न्यायालयाच्या निकालामुळं डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष असा भेद करून हप्ता ठरवता येत नाही. ताईच्या कामाला आलं ते तिचं वय आणि एकही अपघात नसल्याची तीस वर्षांची नोंद. पंचविशीतल्या पोराला त्याच गाडीचा विमा कितीतरी महाग पडला असता. भाच्याचं तोंड उतरलं, कारण त्यालाही ती चालवायची होती!

पहिल्या रविवारी ताई मला डर्बीशरच्या डोंगरांत घेऊन गेली. मॅटलॉक, बेकवेल अशी गावं, दगडी भिंती आणि वळणावळणाचा रस्ता. पाऊस भुरभुरत होता. गाडी पळवेल म्हणून मी दार घट्ट धरून बसले होते. पण ताई वेगाची मर्यादा सोडून एक मैलही पुढं गेली नाही. फक्त वळणावर गाडी जमिनीला चिकटल्यासारखी फिरायची आणि पाठीमागून इंजिनाचा घुमणारा आवाज यायचा. अशा वेळी ताईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी चाळीस वर्षांपूर्वी बघितलं होतं. ती वडिलांच्या सायकलवर नळीखालून पाय घालून अर्धी फेरी मारायची तेव्हा.

संध्याकाळी आईला सांगलीला फोन लावला. आई एक्याऐंशी वर्षांची. ताईनं सगळं सांगितलं. मी कान टवकारून बसले. आता बोलणी बसणार. आईनं विचारलं, "मागं सीट नाही म्हणतेस?"

"नाही."

"मग बरंच आहे. कुणी सोडायला ये म्हणणार नाही."

आपल्याकडं

परत आल्यावर ओळखीच्या चार-पाच जणींनी विचारलं, म्हणून इथंही सांगते. आपण काही पोर्शे घेणार नाही. पण जुनी स्विफ्ट, जुनी ॲक्टिव्हा आपल्यातल्या कित्येक जणी घेतात आणि सगळा व्यवहार घरातल्या पुरुषांवर सोडतात. किमान एवढं स्वतः बघा. आरसी पुस्तकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर होण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. थकलेली ई-चलनं आधी बघा, नाहीतर दुसऱ्याचे दंड तुम्ही भराल. आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाच्या नावाचा विमा तुमच्या गाडीची भरपाई देईल या भ्रमात राहू नका. टायरवरचे चार आकडे आपल्याकडंही तेच सांगतात.

आणि सगळ्यात आधी वहीत ते दोन रकाने आखा. खायचे आणि दाखवायचे. दुसऱ्या कुणाला भरायला देऊ नका. गाडी जी चालवणार, तिनंच ते भरायचे.

नोव्हेंबरच्या बैठकीनंतर मी त्या स्कूटीवालीला थांबवून घेतलं. गटाच्या दुरुस्ती निधीतून बटनस्टार्ट नीट करून घेऊ, स्टार्टरची मोटर आणि बॅटरी मिळून साडेतीन हजारांपर्यंत खर्च येईल, असं सांगितलं. आणि त्या वेळी मी न विचारता बोलले, ती माझी चूक झाली, हेही सांगितलं. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, माझी किक मारायची सवय गेली बघा. आता कोपऱ्यावरचा पानवालाच मारून देतो. पण करा दुरुस्त. त्याचं दुकान सकाळी दहाला उघडतं, आणि माझी गिऱ्हाइकं आठला वाट बघतात."

दोन तासांचा धंदा. रोजचा, वर्षभर. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. आमच्या कर्जाच्या अर्जात आता एक प्रश्न वाढवला आहे. 'यातलं काय तुम्हाला नसून चालणार नाही, आणि का?' त्याचं उत्तर बाईनं एकटीनं, बैठकीच्या आधी, माझ्याजवळ बसून द्यायचं.